विहीर खुली झाली, पाणी कुठे गेले?

गेल्या उन्हाळ्यात बऱ्याच वर्षांनी मावशीच्या गावी गेले होते. लातूर जिल्ह्यातले छोटेसे गाव. फाट्यावर एस. टी. सोडते, तिथून पुढे दीड मैल पायी. लहानपणी सुटीत आले की मी आधी भीमनगरच्या विहिरीवर जायचे. काठावर उभे राहून पोहरा सोडायचा, गार पाणी ओंजळीने प्यायचे आणि मग घरी. या वेळीही पाय तिकडेच वळले. मावशीने मागून हाक मारली, "आता कशाची विहीर बाई! वाकून बघ, तुझं तोंडबी दिसायचं नाही."

वाकून पाहिले. तळाला वाळलेला गाळ, एक फुटकी घागर आणि कागदाचे कपटे.

ही विहीर वस्तीने १९७२ च्या दुष्काळात खोदली. मावशीच्या सासऱ्यांनी इथे सुरुंगाचे दगड डोक्यावरून वाहिले होते. त्याआधी बाया गावविहिरीपासून दूर बसून राहायच्या. कोणाला दया आली तर वरून घागरीत पाणी पडायचे. त्यामुळे या विहिरीला पाणी लागले त्या दिवशी वस्तीने गूळ वाटला होता. मावशी म्हणते, "हे पाणी म्हणजे आमची इज्जत होती."

आता वस्तीला टँकर येतो. कधी सकाळी, कधी भर दुपारी. मावशीची नात आठवीत आहे. टँकर आला की तिची शाळा बुडते, कारण मावशीच्याने हंडा उचलवत नाही आणि सून खुरपणीला गेलेली असते.

मी विचारले, "मावशी, पाऊस कमी झाला का ग?"

"पाऊस पडतो की. कमीजास्त होतच असतंय. पण तीन सालात वढ्याच्या कडंला सात बोअर झाल्या. एक तर हितं, दोनशे पावलांवर. चारशे फूट."

तिने बोट दाखवले तिकडे हिरवागार ऊस उभा होता. कोरड्या विहिरीपासून दोनशे पावलांवर! या दोनशे पावलांचा हिशेब कोणी मांडायचा, हा या लेखाचा प्रश्न आहे.

जमिनीखाली काय आहे?

"ज्याचे रान, त्याचे पाणी" असे खेड्यात सर्रास म्हटले जाते. कायद्यातही या समजुतीचे मूळ आहे. इंग्रजांच्या काळातल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या हद्दीतले जमिनीखालचे पाणी गोळा करण्याचा व वापरण्याचा हक्क मानला. म्हणजे ज्याला जमीन त्याला पाणी. ज्याला जमीनच नाही, त्याच्या वाट्याला या हिशेबात काहीच आले नाही.

पण पाण्याला सातबारा कळत नाही. महाराष्ट्राच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभागाखाली काळा पाषाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला. हा दगड स्वतः पाणी पीत नाही. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खालच्या दगडाच्या भेगांत. ही साठवण मुळातच थोडी असते. पावसाळ्यात ती भरते आणि उन्हाळ्यापर्यंत पुरवून वापरावी लागते. आपल्या जुन्या विहिरी, आड, बारवा या वरच्या साठ्यावरच जगत आल्या.

चारशे फुटांची बोअर या सगळ्या थरांना भोके पाडीत खाली जाते. वरच्या मुरमातले पाणी त्या भोकातून खाली उतरू लागते. खालच्या भेगांतले पाणी तर पुष्कळ काळात थेंबाथेंबाने साठलेले असते. ते एकदा उपसले की एका पावसाळ्यात भरून येत नाही.

घरातले उदाहरण घेऊ. एकाच माठाला पाच तोट्या बसवल्या आहेत, काही वर, काही खाली. माठातले पाणी उतरू लागले की वरच्या तोट्या आधी कोरड्या पडतात. सगळ्यात खाली तोटी बसवणाऱ्याला शेवटच्या थेंबापर्यंत पाणी मिळते. वस्तीची चाळीस फुटांची विहीर ही वरची तोटी आहे आणि चारशे फुटांची बोअर ही खालची. माठ मात्र सर्वांचा एकच!

ओढा का आटला?

मावशीच्या लहानपणी ओढ्याला होळीपर्यंत पाणी असायचे. बाया धुणे धुवायच्या, गुरे पाणी प्यायची. आता दिवाळी झाली की ओढा कोरडा. पुष्कळांना वाटते की ओढा-नदीचे पाणी वेगळे आणि विहिरीचे वेगळे. तसे नाही. पावसाळा संपल्यावर नदीला जे पाणी वाहते ते आकाशातून येत नाही, ते जमिनीतून पाझरून येते. भोवतालच्या रानातली पाण्याची पातळी नदीच्या पात्राहून वर असेल तोवर झरे नदीत उतरतात. उपशामुळे पातळी पात्राच्या खाली गेली की उलटे होते. नदीतले पाणीच जमीन शोषून घेते. म्हणून ज्या गावात विहिरी बसतात त्या गावची नदीही बसते.

मांजरा नदीचे खोरे हे याचे दुःखद उदाहरण. धनेगावचे मांजरा धरण आटले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा डबे होते, एकेका डब्यात पन्नास हजार लिटर पाणी. पुढे पन्नास डब्यांच्या गाड्या आल्या. पाण्याच्या टाक्यांवर भांडणे होऊ नयेत म्हणून त्या मार्चमध्ये शहरात जमावबंदी लावली होती. पाऊस दोन वर्षे कमी झाला होता हे खरेच. पण त्याच खोऱ्यात उसाचे कारखाने आणि उसाचे मळे वाढत गेले होते, हेही तितकेच खरे.

हंड्याचा हिशेब

हिशेब अवघड नाही, आपल्या शाळकरी मुलांकडून करून घ्या. सरकारने २०१९ साली सुरू केलेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दररोज ५५ लिटर पाणी द्यायचे ठरवले. पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षभरात किती लागेल? पाच गुणिले ५५ गुणिले ३६५. उत्तर येते सुमारे एक लाख लिटर.

आता एका एकरावर एक इंच पाणी उभे करायचे तर किती लागते? तेही सुमारे एक लाख लिटर! म्हणजे एका एकराला एक इंच पाणी आणि एका कुटुंबाचे वर्षभराचे पाणी हे सारखेच.

पाटाने मोकाट पाणी दिलेल्या उसाला वर्षात सुमारे दोन मीटर, म्हणजे जवळजवळ ऐंशी इंच पाणी लागते. त्यातले तीस इंच पावसाने दिले असे धरू. उरलेले पन्नास इंच जमिनीतून उपसायचे. म्हणजे एक एकर ऊस पन्नास कुटुंबांचे वर्षभराचे पाणी पितो. मावशीच्या वस्तीत चाळीस घरे आहेत. त्यांच्या विहिरीशेजारी उसाचे रान आहे तीन एकर. हिशेब तुम्हीच पुरा करा.

हे लिहिताना ऊस लावणाऱ्याला शिव्या देण्याचा हेतू नाही. उसाला कारखाना आहे, ठरलेला भाव आहे. ज्वारी-तुरीला बाजारात कोण विचारतो? आपल्यातल्याही कुणाला दोन एकर रान मिळाले, त्याने कर्ज काढून बोअर घेतली आणि ती कोरडी गेली, अशी घरे मी पाहिली आहेत. प्रत्येक जण शेजाऱ्याहून खोल जाण्याच्या शर्यतीत पळतो. शर्यतीत ज्याच्याकडे पैसा तो जिंकतो, आणि शेवटी सगळेच हरतात. पण सर्वांत आधी हरतो तो भूमिहीन, कारण त्याच्याकडे सार्वजनिक विहिरीखेरीज दुसरा आसरा नाही.

चवदार तळे आणि रोहिणी नदी

२० मार्च १९२७ चा दिवस आपल्याला सांगावा लागत नाही. पण त्यामागची एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. मुंबई विधिमंडळाने १९२३ सालीच बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला होता, ओंजळीत पाणी मात्र आले नव्हते. ते बाबासाहेब आणि त्यांच्यामागे चालत गेलेल्या हजारो माणसांमुळे आले. न्यायालयातली लढाई तर पुढे दहा वर्षे, १९३७ पर्यंत चालली.

महाडचा प्रश्न होता, पाण्याला हात कोणी लावायचा? आज प्रश्न बदलला आहे. विहीर खुली आहे, हात लावायला मनाई नाही, पण विहिरीत पाणीच नाही. आता विचारायचे आहे की कोणी किती घ्यायचे?

हा दुसरा प्रश्नही आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीची हकीकत आहे. शाक्य आणि कोलिय दोघेही रोहिणीच्या पाण्यावर शेती करीत. आधी पाणी कोणी घ्यायचे आणि किती घ्यायचे, यावर दर हंगामात भांडण ठरलेले. एकदा मारामारी झाली, माणसे जखमी झाली आणि शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. तरुण सिद्धार्थाने विरोध केला. युद्धाने प्रश्न सुटत नाही, आधी चूक कोणाची ते तपासा, असे तो म्हणाला. त्याने मार्गही सांगितला. शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन. या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि पाच जणांनी पाण्याचा निवाडा करावा. संघाने बहुमताने हे ऐकले नाही. सिद्धार्थाने युद्धात उतरायला नकार दिला आणि घर सोडले.

दोन्ही बाजूंची माणसे एकत्र बसवून पाण्याची वाटणी ठरवावी, हा विचार इतका जुना आहे आणि आपलाच आहे. स्वतः बाबासाहेबही १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेच्या उभारणीत पुढे होते. नदी तुकड्यातुकड्याने पाहू नये, सबंध खोऱ्याचा एकत्र विचार करावा, ही त्या योजनेमागची दृष्टी होती. मोठ्या नदीला जे लागू, तेच मावशीच्या गावच्या ओढ्याला लागू.

नायगाव आणि हिवरे बाजार

हे बोलायला ठीक, करता येते का? येते. आपल्या महाराष्ट्रातच करून दाखवले आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीचे काम सुरू केले. त्यांचा नियम असा की पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. दहा एकरवाल्या आणि अडीच एकरवाल्या घरात माणसे सारखी तर पाणीही सारखे. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकता येणार नाही. उसाला बंदी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भूमिहीनालाही पाण्यात वाटा. सगळ्या योजना पुढे टिकल्या नाहीत. पण जमीन आणि पाणी यांची गाठ सोडता येते, हे या माणसाने सिद्ध केले.

दुसरे उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे. हे गाव कमी पावसाच्या पट्ट्यातले. गावकऱ्यांनी पाणी अडवले, जिरवले, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण जिरवलेले पाणी टिकले ते उपशावरच्या नियमांमुळे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, हे त्यांनी ठरवले. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी काय, हे मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. माणसांचे आणि गुरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे. उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ठरवायचे. आपल्या घरात बाई पगाराच्या दिवशी करते तेच हे. आधी भाडे आणि किराणा, मग बाकीचे.

ज्या गावांनी नुसते बंधारे बांधले आणि उपशाला आवर घातला नाही, तिथे जिरलेले पाणी नव्या बोअरींनी ओढून नेले.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्राने पिण्याच्या पाण्यासाठी १९९३ साली भूजलाचा कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत, त्या उद्भवावर परिणाम होईल अशा ठिकाणी, परवानगीवाचून कोणत्याही कारणासाठी विहीर घेऊ नये, असे त्यात म्हटले. टंचाई जाहीर झाल्यावर एक किलोमीटरच्या आतल्या विहिरींच्या उपशावर बंधन घालण्याचा अधिकारही दिला. पुढे २००९ साली विधिमंडळाने भूजलाचा अधिक व्यापक कायदा मंजूर केला, तो २०१४ पासून अमलात आला. पिण्याच्या उद्भवांचे संरक्षण त्यातही आहे. शिवाय विहिरींची नोंदणी, पाणलोटनिहाय समिती, पाण्याप्रमाणे पिकांचे नियोजन, आणि शेती व उद्योगासाठी ६० मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट किंवा त्याहून खोल विहिरींना बंदी, अशा गोष्टी त्यात आल्या.

मावशीच्या विहिरीपासूनची दोनशे पावले म्हणजे दीडशे मीटरही होत नाहीत. आणि बोअर आहे चारशे फूट. कायद्याच्या पुस्तकात तिची विहीर सुरक्षित आहे आणि गावात ती कोरडी आहे. १९२४ सालचे महाडचे तळे असेच कागदावर खुले होते. विचारणारा निघाला नाही तर कायदा कपाटात राहतो.

आपण काय करावे?

पहिले म्हणजे मोजा. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा, काठापासून पाणी किती खाली आहे ते पाहा आणि तारखेसह वहीत लिहा. दर रविवारी हे काम एका मुलावर वा मुलीवर सोपवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या तालुक्याची नोंद जिल्हा कार्यालयात मागता येते.

दुसरे, आपली विहीर किंवा हापसा ग्रामपंचायतीच्या दप्तरी सार्वजनिक पिण्याचा उद्भव म्हणून नोंदलेला आहे का, ते पाहा. नोंदच नसेल तर संरक्षण कशाला मागणार?

तिसरे, ग्रामसभेत बोला. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याचा नियम आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. पिण्याचे पाणी आधी, मग पीक, असा ठराव मागा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या.

चौथे, उद्भवाजवळ नवी बोअर पडत असेल तर तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज करा. एक प्रत भूजल कार्यालयाला द्या. पोच घ्या. अर्जावर वस्तीतल्या प्रत्येक घराची सही हवी, आणि जमले तर वस्तीबाहेरच्या गरीब शेतकऱ्यांचीही, कारण त्यांच्या विहिरीही बसल्या आहेत.

पाचवे, भांडण पेटवू नका. रोहिणीची हकीकत लक्षात ठेवा. बोअरवाल्यालाही सभेत बसवा. ऊस सोडत नसेल तर निदान ठिबकवर न्यावा, उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत विहिरीजवळची मोटार बंद ठेवावी, इथपासून बोलणी सुरू होऊ शकतात.

मुंबईत राहणाऱ्या आपल्या बांधवांनीही हा प्रश्न गावचा म्हणून सोडू नये. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आपल्या चाळीतला वाहता नळ बंद करताना त्या हंड्यांची आठवण असू द्या.

मी परतले त्याच्या पुढच्या महिन्यात मावशीने महिला सभेत उभे राहून प्रश्न विचारला. सभेत कुजबुज झाली, कोणी हसले. ती म्हणाली, "मी फुकट मागत नाही. माझ्या सासऱ्यानं खोदलेलं पाणी मागते." अर्ज गेला आहे, पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही. पण नातीने विहाराच्या भिंतीवर खडूने चौकट आखली आहे. दर रविवारी ती विहिरीत दोरी सोडते आणि आकडा लिहिते. पावसाळ्यात आकडा वर आला. आता तो खाली उतरेल तेव्हा कधी आणि का उतरला, हे सबंध गावाला भिंतीवर वाचता येईल.

तुमच्या गावच्या विहिरीचा आकडा काय आहे? या सुटीत गावी जाल तेव्हा दोरी बरोबर घेऊन जा.